उपड्या मडक्याखालचे ठिपके

१

संक्रांतीचं हळदीकुंकू ही चिखलटोल्याच्या बायांची वर्षातली एकमेव हक्काची दुपार. त्या दिवशी धान राहो, गुरं राहोत, नवऱ्याने आपल्या हाताने भात वाढून घ्यावा, असा तिथला अलिखित कायदा. आरमोरीपासून बारा किलोमीटर आत, तलावाच्या पाळीला टेकून वसलेल्या या गावात कायदे तसे फार नाहीत. पण जे आहेत ते इंदुताईंनी घातलेले आहेत आणि ते मोडायची छाती फार थोड्यांना आहे.

त्या दुपारी इंदुताईंच्या अंगणात तीसेक बाया बसल्या होत्या. तिळगूळ वाटून झाला होता, वाणाच्या स्टीलच्या चाळण्या निम्म्या संपल्या होत्या. इंदुताई एकीच्या कपाळाला कुंकू लावता लावता थांबल्या. करंडा खाली ठेवला, पदर तोंडाला लावला, आणि पुढच्याच क्षणी तुळशीपाशी तांब्याभर रक्त ओकल्या.

बाया किंचाळत उठल्या. उठली नाही ती एकटी अमिना शेख, कारण ती आधीच धावली होती. अमिना म्हणजे गावच्या उपकेंद्राची नर्सबाई. सत्तावीस वर्षं याच रस्त्यावर तिने तीन स्कूट्या झिजवल्या, आणि येत्या मे महिन्यात ती निवृत्त व्हायची होती. तिने इंदुताईंना कुशीवर वळवलं, गाडीला फोन लावला, आणि रुग्णवाहिकेत सलाईनसाठी त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. मनगटाच्या वर हिरवट पडलेलं जुनं गोंदण होतं. एक उपडं मडकं आणि त्याखाली सात ठिपके. अमिनाने ते पाहिलं आणि विसरली. विसरायला नको होतं, पण ते पुढे येईलच.

इंदुताई वाचल्या. गडचिरोलीच्या डॉक्टर मयुरींनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगून दोरखंडासारख्या झाल्या होत्या आणि त्यातली एक फुटली होती. रबराच्या बारीक कड्या घालून त्यांनी ती बांधली. फुटण्याचं कारण मात्र खाली होतं. यकृत वर्षानुवर्षं आतल्या आत जखमी होऊन, वण धरून, दगडासारखं झालं होतं. सिरॉसिस.

इंदुताईंचा नवरा मुखरू हा सरळ माणूस. सरळ माणसं फार नुकसान करतात. गावात परतल्यावर पानठेल्यावर कुणी विचारलं तर याने सांगून टाकलं, "लिवर गेलं म्हणते डॉक्टरीणबाई."

झालं! लिवर कशाने जातं हे चिखलटोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ही बाई कोण? गावच्या दारूबंदी कमिटीची अठ्ठावीस वर्षांपासूनची अध्यक्ष! जिल्ह्यात दारूबंदी आहे ती कागदावर. चिखलटोल्यात ती होती इंदुताईंच्या काठीवर.

"पेटी उघडा कमिटीची," गोपाल म्हणाला. गोपाल आरमोरीपर्यंत मॅजिक गाडी चालवायचा, तिशीच्या आतबाहेरचा, आणि कमिटीचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची. पेटी इंदुताईंच्याच घरात होती. धाडीत पकडलेल्या मोहाच्या दारूच्या डबक्या, म्हणजे प्लास्टिकचे कॅन, पोलीस नेईपर्यंत तिच्यात ठेवायच्या, आणि किल्ली इंदुताईंच्या कमरेला. मुखरूने ती आणून दिली. चार पंचांसमोर कुलूप निघालं.

आत तीन डबक्या होत्या. दोन गळ्यापर्यंत भरलेल्या. तिसरी अर्धी रिकामी.

२

"सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडतो," गोपालने चावडीपुढे जाहीर केलं. "कमिटी बरखास्त. लोकाले ग्यान अन् स्वतः रातदिन पेऊन राह्यल्या."

"तोंड सांभाळ, गोपाल," अमिना म्हणाली.

"मी काऊन सांभाळू, नर्सबाई? तुमीच इमानदारीनं सांगा. या गावात पेणारे मर्द धडधाकट आहेत. पोट फुगून मरते कोण? कमिटीच्या बाया! पहिली कोण मेली, दुसरी कोण मेली, अन् आता तिसरी. पेल्याबिगर मेल्या का?"

त्याचा आवाज चिरकला आणि तो गाडी काढून निघून गेला. अमिनाच्या डोक्यात तिडीक गेली होती. तिडीक गेलेल्या माणसाला समोरचा काय बोलला यापेक्षा कसा बोलला तेच ऐकू येतं, म्हणून त्या क्षणी गोपालच्या बोलण्यातलं सोनं तिच्या हातून निसटलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. इंदुताईंचा चेहरा हळदीने माखल्यासारखा पिवळा होता. त्यांनी अमिनाचा हात धरला.

"अमिनाबाई, एक थेंब बी नाई पेली जी मी. माया बाप पेऊन मेला, म्हणून तर मी काठी धरली. जीव जाऊ द्या, त्याचं काई नाई. पण हे नाव घेऊन नाई जायचं मले. अन् कमिटी मोडली तर पुन्हा घराघरात भट्ट्या लागतील. त्या पोरीसोरी कुठी जातील?"

"ते नाव मी तुमाले घेऊन जाऊ देत नाई," अमिना म्हणाली. बोलून गेली खरी, पण हातात पुरावा म्हणाल तर शून्य.

इंदुताईंच्या घरी त्यांची सून रंजीता चुलीपुढे होती. गाव आता तिच्याकडेही बोट दाखवत होतं. सासूच्या ताटात काही घातलं असेल, अशी कुजबुज होती. रंजीताने डोळे पुसत सांगितलं, "तीन महिन्यापासून त्यायले काळी संडास होये. डांबरासारखी. मी म्हटलं, दाखवा. तं म्हणे, नर्सबाईच्या लोहाच्या गोळ्यानं तशीच होते."

लोहाच्या गोळ्या अमिनानेच दिल्या होत्या. गोळ्यांनी काळं होतं हे खरं, म्हणूनच आत थेंब थेंब रक्त झिरपत होतं ते कुणाला कळलं नाही. तीन महिने रोग दार ठोठावत होता आणि नर्सबाईच्याच गोळ्यांनी त्याला आडोसा दिला होता. स्वतःवर चिडायला तिला त्या दिवशी बराच वेळ मिळाला.

पण आधी ती अर्धी डबकी. अमिना गोठ्याच्या कडेने हात धुवायला गेली तेव्हा मुखरूचा पांढरा बैल मान खाली घालून उभा होता. गिरणीवर धानाच्या खेपा करून त्याच्या खांद्याला जू लागलं होतं, साल निघालं होतं, आणि त्या जखमेभोवतीचे केस ओले, चपटे बसले होते. अमिनाने नाक जवळ नेलं आणि तिला भर दुपारी हसू फुटलं.

"मुखरूभाऊ! इकडे या. तुमचा बैल दारू पेतो का?"

मुखरूने खाली पाहिलं. पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "खांदा सुजला होता जी त्याचा. आमच्या बापजाद्यापासून मोहाचीच लावतेत. बाजारात घ्यावं तं दारूबंदी. इंदू आंघोळीले गेली की मी किल्ली घेत होतो."

"मग पंचांपुढे तोंडात काय गुळणी धरली होती?"

"अध्यक्षाच्या नवऱ्यानं पेटी फोडली म्हणतील नं! तिची इज्जत गेली असती."

बायकोची इज्जत राखायला गड्याने तिला दारूडी ठरू दिलं होतं. अमिनाने कपाळाला हात लावला आणि संध्याकाळच्या आत चारही पंचांना त्या बैलाचा खांदा हुंगायला लावलं. डबकीचा उलगडा झाला. पण गोपाल हसला. "दारू बैलानं पेली, बरं. लिवर बी बैलाचंच गेलं का?"

३

उत्तर दुसऱ्या सकाळी डॉक्टर मयुरींच्या फोनवर आलं.

"सिस्टर, दारू नाही. कावीळ सी. विषाणू आहे. यकृतात शिरला की वीस-पंचवीस वर्षं काही दाखवत नाही, आतून पोखरत राहतो. जुना संसर्ग दिसतोय."

"अल्हम्दुलिल्लाह!" अमिना ओरडली, आणि मग लाजली. "म्हणजे, तसं नाई मॅडम."

"कळलं मला," मयुरी हसल्या. "पण आता खरा प्रश्न तुमच्याकडे. हा पाण्यातून येत नाही, ताटातून येत नाही. एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. सुई, रक्ताची बाटली, काहीतरी. कुठून आला? कारण जिथून तो यांना आला, तिथून आणखी कुणाला तरी गेला असेल. आणि ते आज रक्त ओकत नसले तरी उद्या ओकतील."

अमिनाच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला. लहानू.

लहानू सत्तरीचा. डिग्री नाही, पाटी नाही, पण तीस वर्षं चिखलटोल्याला त्याने काचेच्या सिरिंजने सुया टोचल्या. ताप, पोटदुखी, भांडण करून आलेली कंबरदुखी, सगळ्याला सुई. अमिनाचं आणि त्याचं सत्तावीस वर्षांचं हाडवैर. ती त्याच्या पडवीत शिरली ती तोफ भरूनच.

"लहानूभाऊ, एका सुईनं किती जणांले टोचत होते तुमी?"

म्हातारा बिडी विझवून म्हणाला, "लई जणांले. खोटं काऊन बोलू? पण चुलीवर खदखदा उकळून घेत होतो जी, पंधरा मिनिटं. मायी बायको म्हणे, भाताच्या आधी तुमची सुईच शिजते. अन् मी मर्द, लेकरं, म्हातारे, सर्वांयलेच टोचलं. मायी सुई खराब असती तं आखं गाव पिवळं झालं असतं."

मुद्दा बिनतोड होता. अमिनाला तो आवडला नाही, पण पटला.

"अन् इंदूचं म्हणता," लहानू पुढे बोलला, "तिनं मले हात कधी देल्लाच नाई. सुई पाह्यली की पळे. बाळंतपणं दायच्या हातची, घरीच. आयुष्यात एकदाच सुई टोचून घेतली त्या बाईनं, ते बी हसत हसत. मंडईत."

"मंडईत सुई?"

"शपथेची नं! अकरा जणी गेल्या होत्या दिवाळीच्या मंडईच्या जत्रेले. दारूबंदीची आन घेतली अन् गोंदणारणीपुढे रांगेनं बसल्या. उपडं मडकं गोंदवलं, म्हणजे घरात दारूचं मडकं आता उपडंच राहीन. आठ दिवस अकरा हात सुजले होते. हळद लावायले मायाचकडे आल्या."

अमिना उभीच राहिली. अकरा हात. आणि त्याच क्षणी गोपालचा चिरका आवाज तिच्या कानात परत वाजला: पोट फुगून मरते कोण? कमिटीच्या बाया!

शत्रूने भर चावडीत खरं कारण हातात ठेवलं होतं, आणि तिने ते शिवी म्हणून ऐकलं होतं. पिणारे पुरुष नाहीत, लहानूचे पेशंट नाहीत, कमिटीत नंतर आलेल्या पोरीही नाहीत. फक्त त्या अकरा.

पण मग एक पेच होता. त्या अकरांतली सगळ्यात वयस्कर म्हातारी आजही रोज तलावावर धुणं घेऊन जात होती, ठणठणीत!

४

शनिवारी अंगणवाडीत रक्ततपासणी झाली. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब टाकायचा, वीस मिनिटं थांबायचं. प्रत्येकाला नवी सुई, तीही त्याच्यासमोर फोडलेली. अमिनाने लहानूच्या सुईवर वाढलेले वीस पुरुष बसवले. सगळे साफ. लहानू दाराशी उभा राहून एकेका पट्टीकडे मान उंच करून पाहत होता. विसावी साफ निघाली तसा तो घरी गेला, आणि अमिनाने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला मनातल्या मनात सलाम केला.

मग शपथेच्या बाया आल्या. अकरातल्या दोघी वारल्या होत्या, इंदुताई दवाखान्यात, राहिल्या आठ. पट्ट्या टेबलावर रांगेने पडल्या. चार साफ. चार बाधित.

अर्ध्या अशा, अर्ध्या तशा. एकच मंडई, एकच गोंदणारीण, आणि निकाल मात्र फुटलेला. याला काही ताळ असेल की नाही? गोंदण कारण असेल तर चौघी सुटल्या कशा? नसेल तर चौघी अडकल्या कशा?

"हात पुसून घ्या मावशी," अमिना त्या ठणठणीत म्हातारीला म्हणाली आणि तिची बाही वर सारली. उपडं मडकं. त्याखाली एकच ठिपका.

अमिनाने डोळे चोळले. इंदुताईंच्या हातावर सात होते.

"मावशी, हा ठिपका कशाचा?"

"माया नंबर नं बाई. शाळेत नाई का हजेरीचा नंबर राहत? जे पह्यली बसली तिले एक, दुसरीले दोन. गोंदणारीण म्हणे, शपथ मोडली तं कितवी मोडली ते कळलं पाह्यजे. आता कोण कितवी होती ते कोणाले याद आहे! अठ्ठावीस वर्षं झाली."

कुणाला नसेल याद. कातडीला होती. अमिनाने एकेकीची बाही वर करायला लावली आणि प्रत्येकीच्या हातावरचे ठिपके तिच्या पट्टीशी लावून पाहिले. एक, साफ. दोन, साफ. तीन, साफ. पाच, बाधित. सहा, बाधित. दवाखान्यातल्या इंदुताई सातव्या. आठ, बाधित. नऊ साफ होती. टोचलं म्हणजे लागलंच असं नाही, नशीब म्हणून काही असतंच. दहावी वारली होती, पोट फुगून. अकरा, बाधित.

"सुया किती होत्या गोंदणारणीकडे?" अमिनाने विचारलं.

"सुया कायच्या, एकच जुडी. तीन-चार सुया दोऱ्यानं बांधलेल्या. अन् काजळाची एकच वाटी. त्यात बुडवे अन् टोचे."

तिसरीपर्यंत वाटी स्वच्छ. पाचवीपासून विष. म्हणजे चौथी जी बसली तिच्या रक्तातून ते वाटीत उतरलं.

"चौथी कोण?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग ती म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "मंगली. तीन सालाआधी गेली ते. गोपालची माय."

५

गोपाल तलावाच्या पाळीवर गाडी धूत होता. अमिनाला पाहून तो आधीच तयारीने म्हणाला, "ठराव मागं घेणार नाई मी."

"ठरावासाठी नाई आली. तुझ्या मायच्या हातावर गोंदण होतं?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "मडकं होतं. खाली चार ठिपके. मी चारापर्यंत मोजणं त्याच्यावरच शिकलो. पुढचं शाळेत शिकवलं." आणि मग त्याचा बांध फुटला. "पंचवीस वर्षं ते मडकं मिरवलं तिनं, नर्सबाई! अन् गेली कशी? पोट असं फुगून, रक्त ओकून, पिणाऱ्याच्या मौतीनं. लोकं तेरवीच्या पंगतीत हसत होते. मी विचारलं बी होतं तिले, मरणाच्या आधी. पेत होती का म्हणून. तिनं नुसतं तोंड फिरवलं."

असा होता तर गोपालचा राग. दारूवाल्यांचा तो कुणी नव्हता. आईने फसवलं असं मानून बसलेला तो मुलगा होता, आणि तिच्यावर चिडता येत नाही म्हणून कमिटीवर चिडत होता.

"तू झाला तेव्हा तिले काही त्रास झाला होता?" अमिनाने विचारलं. उत्तर तिला जवळजवळ माहीत होतं.

"मरता मरता वाचली म्हणत होते. शहरात नेलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. काऊन?"

अमिना पाळीवर बसली, त्याला शेजारी बसवलं, आणि सगळं सांगितलं. त्या काळी बाटलीतल्या रक्तात हा विषाणू तपासायची सोय आपल्याकडे नव्हती. त्या रक्ताने मंगली जगली, त्याच रक्तातून विषाणू आला, आणि पुढल्या दिवाळीत ती शपथ घ्यायला बसली तेव्हा तो वाटीत उतरला. "तिची तपासणी आता होऊ शकत नाई, म्हणून छातीठोक सिद्ध करता येणार नाई. पण ठिपके खोटं बोलत नाईत. तुझी माय कधीच पेली नव्हती रे. तिनं शपथ मोडली नाई."

गोपालने फडकं पाळीवर टाकलं. "म्हणजे बाकीच्याईले तिच्यापासून..."

"तिले माहीत होतं का? कुणालाच नव्हतं. हा दोष कुणाचाच नाई. अन् हे ग्रामसभेत माझ्या तोंडून कधीच निघणार नाई. कुणाचा रोग चव्हाट्यावर मांडायचा हक्क नर्सला नसते. बायांनी स्वतःचं स्वतः सांगायचं ठरवलं आहे. चौथ्या नंबराचं काय करायचं ते तू ठरव."

गोपाल उठला. गाडीत बसला आणि निघून गेला. अमिनाने ओल्या पाळीवर पडलेलं त्याचं फडकं उचललं. परवा सव्वीस तारीख होती.

६

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानात ग्रामसभा भरली. एवढी गर्दी गावाने निवडणुकीलाही पाहिली नव्हती. इंदुताई सकाळीच सुटून आल्या होत्या. रंजीताने त्यांना उशी लावून खुर्चीत बसवलं होतं. सरपंचांनी विषय वाचला: दारूबंदी कमिटी बरखास्त करणे. मांडणार, गोपाल. तो मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता.

"ठरावाआधी पाच मिनिटं द्या," अमिना म्हणाली आणि पुढे आली. "लिवर दारूनंच जाते, असं तुमी म्हणता. तुमी धान करणारी माणसं. पाटाचं पाणी धानाच्या बांधीत येते, बांधीतून खाली जाते. बांधीचं तोंड गाळानं बुजलं तं पाणी काय करते?"

"धुरे फोडते, बांध फोडते," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"लिवर म्हणजे ती बांधी. पोटातलं सारं रक्त तिच्यातून जाते. ते वणानं बुजलं की रक्त माघारी फिरते, घशाखालच्या बारीक शिरांत चढते अन् धुरा फोडते. इंदुताईले तेच झालं. आता गाळ कायचा? दारूचा असू शकते, रोगाच्या विषाणूचा बी असू शकते. कायचा आहे ते या बायाच सांगतील."

ती बाजूला झाली. ठणठणीत म्हातारी उठली, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात सगळ्या गावाला दाखवला.

"एक. माया रिपोर्ट साफ."

"दोन. साफ."

"तीन. साफ."

मग शांतता पसरली. ही शांतता बायांनी तशीच सोडून पुढे जायचं ठरवलं होतं. पाचवी उठतच होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चार."

गोपाल पुढे आला. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज मुळीच चिरकला नाही. "चार. मंगली. मायी माय. तिचा रिपोर्ट नाई, कारण ते गेली. मी झालो तेव्हा तिले रक्त चढवलं होतं. रोग तिच्यात मायासाठी आला, अन् तिच्यापासून मंडईच्या सुईतून बाकीच्याईले गेला. तिले मालूम नव्हतं. तुमी तिच्या तेरवीत हसले होते, मी बी मनात तिले दारूडी म्हटलं. आज साऱ्या गावापुढे सांगतो, मायी माय एक थेंब पेली नव्हती. पुढं बोला, पाचवी मावशी."

"पाच," ती बाई रडत म्हणाली. "मले आहे."

"सहा. मले बी आहे."

"सात," इंदुताई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांचा हात वर गेला आणि साऱ्या मैदानाने मान उंचावून तो पाहिला. "मले आहे. अन् मी पेली नाई."

"आठ. आहे."

"नऊ," नववी गोंधळून उभी राहिली. "सारे ठिपके तं आहेत माये. मले काऊन नाई झाला मले का मालूम!" गाव हसलं, आणि हसताना कितीतरी जणांनी डोळे पुसले. दहावीसाठी तिची लेक स्वाती उभी राहिली. अकरावीने आपलं सांगितलं.

सरपंचांनी घसा साफ केला. "ठराव..."

"कायचा ठराव?" गोपाल म्हणाला. "माया ठराव दुसरा आहे. कमिटी राहीन, अध्यक्ष इंदुताईच राहतील, अन् ज्याले वांधा आहे त्यानं हात वर करावा."

पानठेल्यावरच्या दोघा-चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकही हात वर आला नाही. मुखरूने टाळी वाजवली, एकट्यानेच, वेड्यासारखी. मग सारं मैदान वाजायला लागलं. झेंड्याच्या दोरीपाशी उभा असलेला शाळेचा गुरुजीही वाजवत होता. अमिनासाठी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कुणी टाळी वाजवली नव्हती. आजचीही तिच्यासाठी नव्हतीच, पण ती दोन्ही हातांनी वाजवत होती आणि तिला वाटलं, आता खुशाल निवृत्त व्हावं.

७

गोळ्या बारा आठवडे चालल्या. सरकारी, फुकट, रोज न चुकता. रंजीताने पाचही घरी फिरून गिळवून घेतल्या. इंदुताईंच्या यकृतावरचे वण जायचे नव्हते. शिरा फुटू नयेत म्हणून त्यांना रोजची वेगळी गोळी होती, आणि वर्षातून दोनदा दुर्बीण घालून घ्यायची होती. ते त्यांनी अट म्हणून नव्हे, धाडीची तारीख म्हणून मान्य केलं.

शेवटची तपासणी धानाची रोवणी आटोपल्यावर आली. गोपालच्या मॅजिकमध्ये पाच बाया आणि निवृत्त अमिना बसून गडचिरोलीला पोचल्या. डॉक्टर मयुरींनी पाचहीजणींना एकदम आत बोलावलं, कागद पाहिले आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"गेला," त्या म्हणाल्या. "पाचहीजणींच्या रक्तातून. पूर्ण."

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. अमिना दचकून पुढे झाली. पण त्या हसत होत्या.

बायांना आत एकमेकींच्या गळ्यात सोडून अमिना बाहेर आली, तर गोपाल रिपोर्टच्या खिडकीपाशी उभा होता. आतला कारकून पाच कागदांवर शिक्के मारत मान वर न करता विचारत होता.

"रिपोर्ट नातेवाइकालाच मिळतात. पेशंट तुमच्या कोण?"

"माय," गोपाल म्हणाला.

कारकुनाने कागद चाळले. पाच नावं, पाच आडनावं. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "यातली कोणती?"

"पाचही," गोपाल म्हणाला, आणि हात पुढे केला.